टोकावरचा बाण

नववीच्या सहामाहीच्या पेपरात मी एकाच चेंडूवर दोन प्रश्न घातले होते. पहिला नेहमीच्या पठडीतला. चेंडू १९.६ मीटर प्रति सेकंद वेगाने सरळ वर फेकला, तर तो किती वेळात सर्वांत वर पोचेल आणि किती उंच जाईल? तीन गुण. दुसरा त्याच्याच खाली, दोन गुणांचा. हाच चेंडू वर जात असताना, अगदी टोकाला असताना आणि खाली येत असताना त्याच्यावर कोणकोणती बलं काम करतात ते बाण काढून दाखवा. हवेचा विरोध विचारात घेऊ नका.

खरं सांगायचं तर दुसरा प्रश्न मी दयाबुद्धीने घातला होता. गणित नाही, सूत्र नाही, पाठांतर नाही. तीन चित्रं, प्रत्येकात एकेक बाण, तिन्ही खालच्या दिशेने. फुकटचे दोन गुण.

गठ्ठ्यातल्या तिसऱ्या-चौथ्या उत्तरपत्रिकेवरच मी अडकले. मुलगा हुशार. पहिलं उदाहरण त्याने देखणं सोडवलं होतं. आधी ‘दिलेले’, मग ‘काढायचे’, मग सूत्र, किंमती, एकक. वेळ २ सेकंद, उंची १९.६ मीटर. वेगाचा आणि उंचीचा आकडा सारखाच आला म्हणून त्याला शंका आली असावी, कारण समासात त्याने पेन्सिलीने सगळं पुन्हा एकदा करून पाहिलं होतं. तीनपैकी तीन. आणि त्याच पानावर चार बोटं खाली त्याची तीन चित्रं. वर जाणाऱ्या चेंडूला वर दाखवणारा लांबलचक बाण आणि खाली दाखवणारा आखूड. टोकावरच्या चेंडूला दोन्हीकडे सारखे बाण. खाली येणाऱ्या चेंडूला खालचा बाण मोठा. शेजारी एक वाक्य: ‘हाताने दिलेला जोर हळूहळू संपतो, टोकाला दोन्ही बले सारखी होतात म्हणून चेंडू क्षणभर थांबतो, नंतर गुरुत्वाकर्षण जिंकते.’

लाल पेन उचललं आणि तसंच धरून बसले. उत्तर चुकलं होतं, त्यात वाद नाही. चेंडू हातातून सुटला की हाताचा संबंध संपला. त्यानंतर त्याच्यावर पृथ्वीची ओढ सोडून दुसरं काही नाही, वर जातानाही नाही. टोकाला वेग शून्य होतो, बल होत नाही. पण मला अडवलं ते वेगळ्याच गोष्टीने. वरच्या उदाहरणात याच मुलाने त्वरणाची किंमत उणे ९.८ घातली होती आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत तीच ठेवली होती. म्हणजे त्याच्या गणितात चेंडूवर सबंध वेळ खालच्याच दिशेने, तेवढंच बल होतं. गणित करताना हाताला जे ठाऊक होतं, ते बाण काढताना त्याच हाताला ठाऊक नव्हतं.

बाकीच्या उत्तरपत्रिका मी मग क्रम सोडून त्या एका प्रश्नासाठी चाळल्या. निम्म्याहून जास्त वर्गाने वरचा बाण काढला होता. कुणी त्याला ‘फेकण्याचे बल’ म्हटलं होतं, कुणी ‘हाताचे बल’, कुणी ‘वेगबल’. हा शेवटचा शब्द कुठल्याच पुस्तकात नाही, पण काय म्हणायचंय ते कळतं. हे यांना शिकवलं कुणी? मी तर नाही. शेजाऱ्याची वही बघूनही ते उतरवलेलं नव्हतं, कारण शब्द प्रत्येकाचे वेगळे होते आणि बाण तेवढा सगळ्यांचा एक.

पुढे कळलं की हा बाण फार जुना आहे. सहाव्या शतकात फिलोपोनस या तत्त्वज्ञाने म्हटलं होतं की फेकणारा वस्तूमध्ये काहीतरी भरतो आणि ते वस्तूला पुढे नेतं. चौदाव्या शतकात पॅरिसच्या ब्युरिदानने त्याला ‘इंपिटस’ असं नाव देऊन ती कल्पना व्यवस्थित मांडली. आणि तरुण गॅलिलिओने, अजून गॅलिलिओ व्हायचा होता तेव्हा, १५९० च्या सुमारास लिहून ठेवलं की वर फेकलेल्या वस्तूत भरलेलं बल कमी कमी होत जातं, टोकाला ते वजनाइतकं होतं आणि मग वस्तू खाली येऊ लागते. माझ्या विद्यार्थ्याचं वाक्य जवळजवळ शब्दशः. माझ्या आदर्श उत्तराप्रमाणे तपासलं असतं तर गॅलिलिओला दोनपैकी शून्य.

आणि आमची भाषा काय वेगळं सांगते? चेंडूचा जोर ओसरला. गाडीचा वेग संपला. त्याच्या हातात दम आहे. जोर ही भरण्याची, वापरण्याची आणि संपण्याची वस्तू आहे असं मूल घरात बोलायला शिकतानाच शिकतं. मी वर्गात येते तेव्हा मुलांची डोकी याने आधीच भरून गेलेली असतात. न्यूटनचा पहिला नियम त्या सगळ्याच्या वर एका थरासारखा बसतो, आणि परीक्षेत आपण बहुतेक वेळा त्या वरच्या थरालाच नख लावून बघतो.

मुलं भौतिकशास्त्र कसं शिकतात याचे अभ्यासक जॉन क्लेमेंट यांनी १९८२ साली वर उडवलेल्या नाण्याचा असाच प्रश्न अमेरिकेतल्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना दिला होता. त्यांतल्याही बहुतेकांनी वरचा बाण काढला. यामिकीचा, म्हणजे गती आणि बलांचा, अभ्यासक्रम संपवून आलेल्यांनीसुद्धा. हे वाचून मला हायसं वाटलं, आणि मग हायसं वाटल्याची लाज वाटली.

डेव्हिड हेस्टेनीस आणि इब्राहिम हलून यांनी १९८५ मध्ये आणि पुढे १९९२ मध्ये हेस्टेनीस यांनी आणखी दोघांबरोबर ज्या चाचण्या तयार केल्या, त्यांत एकही आकडेमोड नाही. ट्रक आणि छोटी मोटार समोरासमोर आदळल्या, कुणी कुणावर जास्त बल लावलं, अशा धाटणीचे बहुपर्यायी प्रश्न. कुणीही सहज हसावं इतके साधे. त्यांची खुबी चुकीच्या पर्यायांत आहे. ते टेबलाशी बसून रचलेले नाहीत. आधी विद्यार्थ्यांना मोकळी उत्तरं लिहू दिली आणि त्यांत जी चूक वारंवार आली, ती उचलून पर्याय म्हणून ठेवली. पेपर काढणाऱ्या कुणालाही विचारा, चौथा पर्याय शोधताना काय दमछाक होते. तीन सुचतात, चौथा म्हणून ‘वरीलपैकी नाही’ टाकायचं आणि मोकळं व्हायचं. मी वर्षानुवर्षं तेच केलं. माझे चुकीचे पर्याय इतके उघड चुकीचे असत की त्यांना कुणी फसत नसे, आणि मला वाटे मुलांना विषय कळला.

हार्वर्डला शिकवणाऱ्या एरिक माझुर यांनी हेस्टेनीस यांची ती चाचणी आपल्या वर्गाला दिली, तेव्हा एका विद्यार्थिनीने त्यांना विचारलं म्हणे की या प्रश्नांची उत्तरं कशी लिहू, तुम्ही शिकवलंत त्याप्रमाणे की मला जसं वाटतं तसं? माझुर यांनी स्वतःच हे लिहून ठेवलंय. मला ही मुलगी फार आवडते. बाकीच्या सगळ्यांच्याही डोक्यात दोन उत्तरं होती, हिने फक्त कुठलं हवंय ते मोठ्याने विचारलं.

प्रकाशावरचा पेपर काढताना आम्हा शिक्षकांचा जीव किरणाकृतीत अडकलेला असतो. वस्तू नाभीच्या पलीकडे, वस्तू नाभीवर, वस्तू नाभी आणि प्रकाशीय केंद्राच्या मध्ये. पट्टी, पेन्सिल, बाण, तुटक रेषा. तपासायला सोपं, गुण द्यायला सोपं. मुलांनाही आवडतं, कारण त्यात भाषा लागत नाही. पण एकदा मी त्याच्या आधीचा प्रश्न विचारला. अंधाऱ्या खोलीत दिवा आहे, टेबलावर पुस्तक आहे, समोर मुलगी बसली आहे. तिला पुस्तक कसं दिसतं ते बाणांनी दाखवा. दिव्यापासून पुस्तकापर्यंत बाण जवळजवळ सगळ्यांनी काढला. पुढचा बाण मात्र कितीतरी जणांनी मुलीच्या डोळ्यातून काढून पुस्तकापर्यंत नेला होता. तिथे दोन बाण एकमेकांना भेटत होते, आणि पुस्तक दिसत होतं.

इथेही मुलं एकटी नाहीत. युक्लिड आणि टॉलेमी दोघेही डोळ्यातून किरण निघतात असंच मानत. आपल्या न्यायदर्शनातही डोळा हे तैजस, म्हणजे तेजाचं बनलेलं, इंद्रिय आहे, त्याचे किरण वस्तूपर्यंत जातात आणि तेव्हा ती दिसते. अकराव्या शतकात इब्न अल-हैथमने हे उलटं फिरवलं आणि वस्तूकडून प्रकाश डोळ्यात येतो हे धरून सगळं नव्याने मांडलं. भाषेने मात्र ते अजून मनावर घेतलेलं नाही. आपण नजर टाकतो, नजर फिरवतो, कटाक्ष फेकतो, एखाद्याकडे रोखून पाहतो. डोळा हा घेणारा अवयव आहे असं सांगणारं वाक्य पटकन सुचत नाही. मी बराच वेळ शोधून पाहिलं.

आता माझी गोष्ट सांगते, कारण इतका वेळ मुलांच्याच चुका उगाळते आहे.

एका वर्षी आरशावर प्रश्न घातला होता. भिंतीवर एक लहान सपाट आरसा आहे. त्यात तुम्हाला डोक्यापासून छातीपर्यंतचं प्रतिबिंब दिसतं. कमरेपर्यंत दिसण्यासाठी तुम्ही काय कराल? माझ्या उत्तरसूचीत लिहिलं होतं ‘आरशापासून मागे सरकावे’. इतकं उघड होतं की कारण विचारावंसंही वाटलं नाही. वर्गातल्या झाडून सगळ्यांनी तेच लिहिलं आणि मी एकेक गुण देत सुटले. फक्त एका मुलीने लिहिलं होतं: ‘मागे जाऊन उपयोग नाही. मला बूट दिसत नव्हते म्हणून मी मागे मागे गेले होते. तरी दिसले नाहीत. भिंत लागली.’ मी काट मारली. वर ‘असं कसं?’ असंही लिहिलं.

त्या रात्री दात घासताना समोर आरसा होता. मी एक पाऊल मागे गेले. मग आणखी एक. सदऱ्याचं जे बटण आरशाच्या खालच्या कडेला होतं, ते तिथेच राहिलं. मी दाराबाहेर गेले. बटण तिथेच. साबणाची ओली वडी घेऊन परत आले, एक डोळा मिटला आणि आरशावर माझ्या चेहऱ्याच्या कडेने रेघ काढली. लंबगोल निघाला, माझ्या चेहऱ्याच्या निम्मा. मागे गेले, तरी चेहरा त्या लंबगोलात नेमका बसलेला. पुढे आले, तरी नेमका. मी लांब गेले की प्रतिमाही तितकीच लांब जाते आणि आरसा आमच्या बरोबर मध्यावर राहतो. डोळ्यापासून बटणापर्यंत जितकी उंची, तिच्या निम्म्यावर ती दृष्टिरेषा आरशाला छेदते, मग मी एक मीटरवर असेन नाहीतर पाच. आरसा भिंतीला सरळ लागून असेल तर मागे सरकून एक बोटभरही जास्त शरीर दिसत नाही. कलता टांगलेला असेल तर गोष्ट वेगळी, आणि आपल्याला जे ‘वाटतं’ ते कदाचित तिथूनच आलेलं असावं. पूर्ण शरीर दिसायला निम्म्या उंचीचा आरसा लागतो, हे मी दरवर्षी फळ्यावर सिद्ध करून दाखवत होते. त्या सिद्धतेत अंतर कुठेच येत नाही, हे मला कधी दिसलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मुलीला बोलावून काट खोडली. ती म्हणाली, ‘असू दे बाई, एकच मार्काचा होता.’ बाकी वर्गाचे गुण काढून घ्यायचे का, हा प्रश्न मात्र मी भित्रेपणाने सोडून दिला. सगळ्यांचे राहू दिले. चुकीच्या उत्तराला गुण मिळालेली ती उत्तरपत्रिका अजून कुणाकुणाच्या घरी असेल.

त्यानंतर मी भिंगाकडेही संशयाने पाहू लागले. अमेरिकेतल्याच फ्रेड गोल्डबर्ग आणि लिलियन मॅकडर्मट यांनी १९८७ मध्ये भिंगावर प्रसिद्ध केलेल्या कामातला एक प्रश्न मला ठाऊक होता: बहिर्वक्र भिंगाने पडद्यावर प्रतिमा मिळवली आहे, आता भिंगाचा वरचा अर्धा भाग काळ्या कागदाने झाकला, तर प्रतिमेचं काय होईल? मी तो लेखी विचारला नाही. खिडक्या बंद करून, मेणबत्ती लावून, वर्गातच विचारला. आधी हात वर करायला लावले. अर्धी प्रतिमा जाईल याला जंगल उभं राहिलं हातांचं. वरची जाईल की खालची, यावर दोन तट पडले आणि बराच वेळ भांडले. प्रतिमा उलटी असते ना, मग खालची जाईल, असं म्हणणारा तट जास्त हुशार मुलांचा होता.

मी कागद लावला. पडद्यावरची ज्योत सबंध राहिली, फक्त मंद झाली.

वर्ग एकदम गप्प. मग मागून आवाज आला, ‘बाई, कागद नीट लावला नाही तुम्ही.’

मी त्यालाच पुढे बोलावून लावायला दिला. त्याने खालचा भाग झाकला, मग बाजूचा, मग मधोमध एक पट्टी. ज्योत जाईना. तो कागद उजेडाकडे धरून त्याला भोक आहे का ते बघायला लागला. हसू आलं, पण त्याचं चुकत नव्हतं. मी त्याला वर्षभर फळ्यावर काय दाखवलं होतं? वस्तूच्या टोकापासून निघणारे दोन किरण. एक अक्षाला समांतर, एक प्रकाशीय केंद्रातून. दोन पुरतात म्हणून दोन. त्याने समजून घेतलं की दोनच निघतात. मग वरचा किरण कागदाने अडवला तर प्रतिमा मिळेलच कशी? ज्योतीच्या प्रत्येक बिंदूपासून निघालेला प्रकाश भिंगाच्या प्रत्येक भागावर पडतो आणि उरलेलं भिंगही सगळीच्या सगळी प्रतिमा घडवतं, हे माझ्या सुबक आकृतीत कुठे होतं? त्या वर्षी पेपरात मी विचारलं की कॅमेऱ्याचं भिंग बोटाच्या पेराएवढं, समोर डोंगर. डोंगराच्या शिखरापासून अक्षाला समांतर काढलेला किरण भिंगाच्या कितीतरी वरून निघून जातो. मग डोंगराचा फोटो निघतो कसा? पट्टी-पेन्सिलवाल्या पोरांनी त्या दिवशी मला मनात काय काय म्हटलं असेल देव जाणे. दोघा-तिघांनी भिंगच डोंगराएवढं काढलं.

विजेच्या प्रकरणात सगळं एका मंत्रात मावतं: व्ही बरोबर आय आर, म्हणजे विभवांतर बरोबर धारा गुणिले रोध. कुठल्याही दोन किंमती द्या, तिसरी मिळेल. वर्गात अगदी कच्चं समजलं जाणारं मूलही इथे गुण मिळवतं, आणि मी हा प्रश्न पेपरातून कधीच काढणार नाही. त्या मुलालाही जमिनीवर एक पाय टेकायला जागा हवी. पण प्रात्यक्षिकाच्या दिवशी मी प्रत्येकाच्या हातात एक सेल, विजेरीचा एक बल्ब आणि तारेचा एकच तुकडा द्यायला लागले. पेटवा.

अर्ध्या तासात जे दिसतं ते कुठल्याही उत्तरपत्रिकेत दिसत नाही. बहुतेक जण बल्बचं बूड सेलच्या टोकावर टेकवतात, तार सेलच्या दुसऱ्या टोकाला लावतात आणि तारेचं मोकळं टोक घेऊनही बल्बच्या बुडालाच टेकवतात. त्यात सेलची दोन टोकं तारेने सरळ जोडली जातात, तार गरम होते, बोट भाजतं. बल्बला दोन टोकं असतात, एक बुडाशी आणि दुसरं बाजूच्या धातूच्या आट्यांवर, हे शोधायला हातांनी बरीच चाचपड करावी लागते. आणि का नसेल? पुस्तकातलं बल्बचं चिन्ह म्हणजे एक वर्तुळ, दोन्ही बाजूंनी शिस्तीत येऊन टेकलेल्या दोन रेषा. वर्षभर हे चिन्ह काढणाऱ्याने खरा बल्ब उलटा करून कधी पाहिलेलाच नसतो. एमआयटीतून नुकतीच पदवी घेतलेल्या काही जणांना कॅमेऱ्यासमोर हेच साहित्य दिलं होतं, त्यांतलेही काही अडखळले होते. ते चित्रण मी मुलांना दाखवते, त्यांना धीर येतो.

त्या दिवशी पहिला बल्ब पेटवला तो एका अबोल मुलाने. लेखी पेपरात ‘का ते सांगा’ आलं की तो दोन शब्द लिहून थांबायचा. माझ्या नव्या पद्धतीच्या प्रश्नांनी त्याचे गुण आणखी घटले होते. समज तपासायची म्हणून मी कारणं विचारायला लागले आणि नकळत भाषा तपासू लागले होते. ज्याला चार ओळी सफाईने लिहिता येतात त्याला समजलं, असं माझं पेन ठरवत होतं. यावर मला अजून धड उपाय सापडलेला नाही. तोंडी विचारते, चित्र काढायला लावते, हाताने करून दाखव म्हणते. मग वेळ पुरत नाही.

मॅकडर्मट आणि पीटर शेफर यांनी १९९२ मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रश्न मी दरवर्षी फळ्यावर काढते. पाच सारखे बल्ब, तीन सारखे आदर्श घट, म्हणजे सेल. एका घटाला एकच बल्ब, दुसऱ्याला दोन एकसर, तिसऱ्याला दोन समांतर. प्रकाशाप्रमाणे क्रम लावा. एकटा बल्ब आणि समांतरचे दोघे सारखेच प्रखर, एकसरचे दोघे एकमेकांएवढेच पण मंद. एवढंच उत्तर. हजाराहून अधिक विद्यापीठीय विद्यार्थ्यांना विचारलं तेव्हा जेमतेम १५ टक्क्यांना ते आलं होतं. माझ्या वर्गात एकसर जोडणीतला पहिला बल्ब नेहमी जास्त प्रखर असतो. ‘पहिल्याने करंट खाल्ला, दुसऱ्याला उरलेला मिळाला.’ पुन्हा भाषाच. पंखा वीज खातो, इस्त्री फार वीज खाते. मग पहिला कोणता, असं मी विचारते. धन टोकाकडचा, असं उत्तर येतं. सेल उलटा केला तर? इथे वर्ग थोडा वेळ विचारात पडतो, आणि तासभरातला तोच काय तो वेळ मला आवडतो.

एक लबाडीही मी करते, ती सांगून टाकते. ओहमच्या नियमाच्या प्रयोगात एकदा रोधाऐवजी गुपचूप विजेरीचा बल्ब जोडून ठेवला. बल्बची तार तापली की तिचा रोध कित्येक पट वाढतो, त्यामुळे विभवांतर आणि धारेचा आलेख सरळ येत नाही, वाकतो. ज्यांनी धारा मोजणारा अमीटर वाचून जसे दिसले तसे आकडे लिहिले, ते रडवेले झाले. आमचा प्रयोग बिघडला, बाई. आणि बऱ्याच वह्यांत आलेख होता उगमबिंदूतून जाणारा, पट्टीने आखलेला, एकही बिंदू रेषेबाहेर नसलेला. आकडे आधी ठरले होते, अमीटर नंतर पाहिला होता, बहुधा पाहिलाही नव्हता. मी ओरडले नाही, कारण सरळ रेषेला गुण देऊन देऊन ही सवय मीच लावली होती. ओहमला स्वतःला हे इतकं सरळ मिळालं नव्हतं. त्याच्या घटांची ताकद प्रयोग चालू असतानाच उतरायची. शेवटी त्याने तांबं आणि बिस्मथ जोडून एक सांधा उकळत्या पाण्यात आणि दुसरा बर्फात ठेवला, त्यातून न हलणारा विजेचा स्रोत मिळवला, तेव्हा कुठे नियम हाती लागला. १८२७ च्या पुस्तकात त्याने तो सविस्तर मांडला.

वाकड्या आलेखांना मी पूर्ण गुण दिले. सरळ आलेखवाल्यांनी तक्रार केली की त्यांचा नियमाप्रमाणे आला होता. तक्रार रास्त होती.

त्या पहिल्या मुलाला, टोकावरच्या बाणाच्या, मी तेव्हा दोनपैकी एक गुण दिला होता. कशासाठी, ते मला लिहिता आलं नव्हतं. समासात नुसतं ‘१’ लिहिलं आणि पान उलटलं. वर्ष संपताना वार्षिकच्या पेपरात मी तोच प्रश्न थोडा बदलून घातला, चेंडूऐवजी उडवलेलं नाणं. या वेळी त्याने तिन्ही चित्रांत एकेकच बाण काढला होता, खाली, आणि तिन्ही मोजून सारख्या लांबीचे. दोनपैकी दोन.

निकालानंतर तो वर्गात एकटाच भेटला. टेबलावरचा खडूचा तुकडा उचलून वर उडवत, झेलत उभा राहिला.

‘बाई, मी पेपरात खाली काढला बाण.’

‘पाहिला ना. छान होता.’

‘पण खरं सांगू? अजून वाटतं, वर पण आहे काहीतरी.’ खडू पुन्हा वर गेला, पुन्हा हातात आला. ‘तुम्हाला नाही वाटत?’

मी म्हटलं, ‘वाटतं. अजूनही वाटतं.’

तो खडू हातात धरून थांबला. माझ्याकडे जरा नीट बघितलं.

‘मग तुम्हाला मार्क कुणी दिले?’

घंटा झाली म्हणून वाचले.